पाहणीच्या फोनवरचं एक ‘नाही’

मित्रांनो, माझ्यासारखा फोन तुमच्यापैकी पुष्कळांनी फक्त चित्रात पाहिला असेल. मी टेबलावर बसणारा, भिंतीतल्या तारेला बांधलेला, बटणांचा एक जुना टेलिफोन आहे. मूळचा पांढरा होतो, आता पिवळट पडलो आहे. मला कधी कुणी खिशात घालून जत्रेला नेलं नाही, की माझ्यात कुणी गाणी भरली नाहीत. मला एकच काम येतं. एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत न्यायचा. त्यात पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही. हे काम मी इमानाने केलं. तरीही माझ्यातून गेलेलं एक बोलणं असं आहे, की ते आठवलं की आजही मला बरं वाटत नाही. ते तुम्हाला सांगावं, म्हणून ही हकिगत.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने मला कानाला लावून दोनदा ‘हॅलो’ म्हटलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते सेलूला, तात्याराव नावाच्या आडत्याच्या दुकानात. आडत्या म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणारा. दिवाळीनंतर बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि मला दम खायला फुरसत नसायची. भाव विचारणारे, सरकी काढणारे जिनिंगवाले, ट्रकवाले, सगळे माझ्यातूनच बोलत. लक्ष्मीपूजनाला तात्याराव तराजूला हळदकुंकू लावत, तेव्हा त्यांची दोन बोटं माझ्या कपाळावरही टेकायची.

तिथे मी एक गोष्ट पाहून ठेवली. कापूस घेणारा व्यापारी वरवरचा माल पाहून कधी भाव करत नसे. वर कोरडा आणि खाली ओला असू शकतो. तो कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि गाडीच्या मधून, तळातून, कडेने मूठ-मूठ कापूस ओढून काढायचा. अशा पाच-सहा मुठींवरून त्याला अख्ख्या गाडीचा अंदाज यायचा. अट एवढीच, की मुठी त्याने स्वतः कुठूनही काढलेल्या हव्यात. मालकाने हातावर ठेवलेली मूठ त्याला चालत नसे.

पुढे मोबाइल आले. पहिल्या वर्षी तात्याराव मोबाइलवर ओरडून बोलत आणि आवाज कटला की परत माझ्याकडे येत. दुसऱ्या वर्षी ते यायचे थांबले. त्यांच्या मुलाने मला ड्रॉवरमध्ये टाकलं. सात-आठ वर्षं मी अंधारात होतो. माझ्या वायरीखाली झुरळांनी संसार थाटला. मग भंगारवाल्याच्या पोत्यातून मी परभणीला आलो, आणि तिथे माणिकराव नावाच्या गृहस्थांनी त्याच्याकडून माझ्यासह आठ जुने फोन निवडून घेतले.

माणिकराव हे निवृत्त शिक्षक. एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत एक संस्था लोकांच्या तब्येतीची पाहणी करायची, तिथे ते पर्यवेक्षक होते. खोलीत आठ टेबलं, आठ संगणक, आठ फोन आणि फोनवर बोलणाऱ्या आठ जणी. माणिकरावांनी मला स्वतः ओल्या फडक्याने पुसलं, तार जोडली, आणि पुन्हा एकदा माझ्यातून माणसांचे आवाज वाहू लागले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तुम्ही विचाराल, फोनवरून तब्येत कशी कळणार? माणिकराव नव्या मुलींना समजावून सांगत, ते मी अनेकदा ऐकलं आहे. ते म्हणत, “आजारी किती आहेत, हे दवाखान्यात कळतं. पण आजार यायच्या आधी माणूस कसा जगत होता, हे दवाखान्याला कळत नाही. तो तंबाखू खातो का, चालतो किती, रक्तदाब कधी तपासलाय का, भाजी-फळं पोटात जातात का. पुढच्या दहा वर्षांत कोणते आजार येणार, ते या उत्तरांत आज दिसतं.”

जिल्ह्यातल्या प्रत्येकाला विचारणं शक्य नाही. म्हणून संगणक कुठलेही नंबर काढायचा. आणि ज्याने फोन उचलला त्यालाच विचारून भागत नसे. घरात मोठी माणसं किती, हे विचारलं की त्यातलं एक नाव संगणकच निवडायचा. फोन बहुतेक वेळा घरातला पुरुष उचलतो. त्यालाच विचारत गेलं तर बायकांचं काहीच कळणार नाही. मला लगेच तात्यारावांच्या दारातल्या गाड्या आठवल्या. तालुक्या-तालुक्याचे असे आकडे जमले, की त्यांवरून तोंड तपासणारी, रक्त तपासणारी गाडी कुठे पाठवायची, हे वरची कचेरी ठरवायची.

माझ्या टेबलावर धम्मशीला बसायची. वय सव्वीस, परभणीचीच. वडील शाळेत कारकून. तिने परिचारिकेचा अभ्यासक्रम अर्ध्यात सोडला होता, कारण आईच्या आजारपणात घर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. तिचा आवाज मला पहिल्या दिवसापासून आवडला. ती घाईने बोलत नसे, आणि समोरचा बोलायचा थांबला तरी क्षणभर वाट पाहायची. त्या क्षणभरात लोक आणखी काहीतरी सांगत.

तरी हे काम सोपं नव्हतं. दहा नंबर लावले की सहा उचलायचे नाहीत. उचलले तर म्हणायचे, “कर्ज नको आमाला.” कुणी विचारायचं, “माझा नंबर कुनी दिला तुमाला? ओटीपी मागनार का आता?” एका राणीसावरगावच्या गृहस्थाने बायकोला फोन द्यायला साफ नकार दिला. “तिला काय विचारायचं? ती एकदम निरोगी हाय,” असं तो म्हणाला, आणि मागून बाईचा आवाज आला, “दोन म्हैने झाले चक्कर यायलीय, निरोगी म्हनं.” मग मात्र त्याने फोन दिला.

नियम कडक होते. प्रश्न कागदावर आहे तसाच वाचायचा, एक शब्द इकडे-तिकडे करायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि सुरुवातीलाच वचन द्यायचं, की तुमचं नाव कुणाला सांगणार नाही, तुमचा नंबर काम तपासण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही, पाहणीची फेरी संपली की तो पुसून टाकू. फॉर्म पूर्ण झाला, की नंबर धम्मशीलाच्या पडद्यावरून नाहीसा व्हायचा आणि फेरी संपेपर्यंत फक्त वरच्या कचेरीच्या मशीनमध्ये राहायचा.

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला धम्मशीलाने पालम तालुक्यातल्या एका खेड्यातला नंबर लावला. उचलला तो महारुद्र नावाच्या तरुण शेतकऱ्याने. घरात मोठी माणसं तीन, तो, त्याची बायको आणि आई. संगणकाने आईचं नाव काढलं. पार्वतीबाई, वय चोपन्न.

“आईला काय येतंय सांगायला? मलाच विचारा की,” महारुद्र म्हणाला.

“भाऊ, त्यांचंच नाव आलंय. दहाच मिनिटं लागतील.”

“तुरीच्या मळणीला मशीन यायलंय आमच्या. लवकर उरका.”

पार्वतीबाईंचा आवाज आला. जाड, जरा अडखळत. जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसा. धम्मशीलाने वचन वाचून दाखवलं आणि प्रश्न सुरू केले. तिसऱ्या पानावर तो प्रश्न आला. “तुम्ही सध्या तंबाखू किंवा तंबाखूचे पदार्थ खाता किंवा ओढता का?”

“न्हाई ग बाई. आमच्यात बायामानसं तंबाकू खात न्हाईत.”

धम्मशीलाने ‘नाही’वर खूण केली. त्याबरोबर तंबाखूचे पुढचे नऊ प्रश्न संगणकाने आपोआप गाळले. आता फळांचा प्रश्न आला. गेल्या आठवड्यात किती दिवस फळं खाल्ली?

“फळ कुठून खाऊ? तोंडच उघडंना. दोन बोटं बी जाईनात. भाकर दुधात कुस्करून खायलीय.”

धम्मशीला थांबली. पुढचा प्रश्न पालेभाजीचा होता, पण तो तिने विचारला नाही. “मावशी, कधीपासून?”

“दिवाळीपासून असंल. गालात आतून आग व्हती. तिखट लागलं की जीव जातो. दात हालायलाय मनून मी मिसरी वाढवली. आता दिसातून चार-पाच डाव लावते. तेवढ्यापुरतं बधिर व्हतंय.”

मित्रांनो, मिश्री काय असते हे तुम्हाला माहीत नसेल. तिकडे तिला मिसरी म्हणतात. दात घासायची काळी पूड. कितीतरी घरांत ती डबीत भरून चुलीजवळ ठेवलेली असते.

“मावशी, मिसरी कशाची करता?”

“कशाची म्हंजे? तंबाकू तव्यावर भाजायची अन् कुटायची. पर ती काय खायची नसती बाई. लावायची असती.”

 पडद्यावर तंबाखूसमोरचं ‘नाही’ तसंच होतं. पार्वतीबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना विचारलं ते खाण्याबद्दल, आणि त्या खात नव्हत्या. धम्मशीलाने अभ्यासक्रमात अशी तोंडं पाहिली होती. न उघडणारं तोंड, आतून होणारी आग, हलणारा दात, हे सगळं एकत्र आलं की काय असू शकतं, हे तिला ठाऊक होतं.  तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडे महारुद्रचा आवाज आला, “झालं का न्हाई अजून? मशीनवाला बोंबलायलाय तिकडं. आन तो फोन.” राहिलेल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यानेच घाईघाईत देऊन टाकली आणि फोन बंद केला.

धम्मशीलाने ती चार उत्तरं भरली नाहीत, पण फॉर्म बंद झाला आणि नंबर पडद्यावरून गेला. या खोलीत तो आता फक्त माझ्यापाशी होता. शेवटचा लावलेला नंबर मी लक्षात ठेवतो, आणि माझ्यावरचं एक बटण दाबलं की तोच पुन्हा लागतो. धम्मशीलाने त्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. सल्ला द्यायचा नाही हा नियम तिच्या डोक्यात होता, दिलेलं वचन होतं, आणि नोकरीही होती. माझ्या पोटात तो नंबर जिवंत होता आणि मला हाक मारता येत नव्हती.  मागून माणिकराव म्हणाले, “धम्मशीला, पुढचा लाव बाळा. आज मागे आहोत आपण.” तिने पुढचा नंबर लावला. माझ्यापाशी एकाच नंबराची जागा आहे. पार्वतीबाईंचा नंबर गेला.

दुपारी डबा न उघडताच ती माणिकरावांकडे गेली. त्यांचं टेबल शेजारीच होतं.

“सर, प्रश्न चुकतोय,” ती म्हणाली. “बायका मिश्रीला तंबाखू समजत नाहीत. त्या ‘नाही’ म्हणतात आणि आपण ‘नाही’ लिहितो.”

माणिकरावांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते म्हणाले, “चार वर्षं हाच प्रश्न याच शब्दांत विचारतोय आपण. शब्द बदलले तर गेल्या वर्षीशी ताडून कसं बघणार? आकडा वाढला तर लोक बदलले की प्रश्न बदलला, हे कुणाला सांगता येणार नाही.”

“आणि आकडाच खोटा असला तर?”

“खोटा कसा? त्यांनी जे सांगितलं तेच आपण लिहिलं.”

“पालमच्या बायकांत तंबाखू शंभरात तीन, असं लिहिलंय सर मागच्या अहवालात. म्हणून तोंड तपासायची गाडी तिकडे गेलीच नाही. त्या बाईला कुणीतरी सांगायला पाहिजे.”

माणिकरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “आपण नंबर वापरणार नाही असं वचन दिलंय. आज चांगल्या कामासाठी मोडलं, तर उद्या कशासाठी मोडतील? मग आपल्याशी खरं कोण बोलेल?”

त्या दोघांपैकी कुणाचं म्हणणं मला चूक वाटलं नाही. म्हणूनच मला जास्त अस्वस्थ वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून धम्मशीलाने एक केलं. कागदावरचा शेवटचा प्रश्न झाला, आभार मानून झाले, की ती बायकांना आपल्या मनाने विचारायची, “मावशी, दाताला मिश्री लावता का?” उत्तर फॉर्मवर लिहायची सोय नव्हती, म्हणून ती एका वहीत लिहायची. नाव नाही, नंबर नाही, नुसती फोनची तारीख-वेळ, तालुका, हो किंवा नाही, आणि तोंडाची तक्रार असली तर ती. पार्वतीबाईंच्या फोनची तारीख-वेळ तिने पहिल्याच ओळीत लिहिली होती. पहिल्या आठवड्यातच माणिकरावांनी ते पाहिलं. त्यांनी वही उचलली, पानं उलटली आणि जिथून उचलली तिथेच ठेवली. तीन आठवड्यांनी वहीत एकशे बारा बायका झाल्या. या सगळ्यांनी तंबाखूला ‘नाही’ म्हटलं होतं. त्यातल्या एकेचाळीस मिश्री लावत होत्या.

ती पानं पाहून माणिकरावांनी स्वतः पत्र लिहिलं. प्रश्नात मिश्रीचं नाव घालावं, आणि ज्यांनी तोंडाची तक्रार सांगितली त्यांना तपासणीला जायला सांगण्यासाठी एकदा फोन करू द्यावा. पत्र वरच्या कचेरीत गेलं. तिथून विचारणा आली, वही कुणाच्या परवानगीने ठेवली? माणिकरावांनी उत्तर दिलं, माझ्या. धम्मशीला त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा विचारणा आली, पुन्हा उत्तर गेलं. फेब्रुवारी गेला. पाहणीची फेरी मार्चअखेर संपणार होती, आणि ती संपली की वरच्या कचेरीच्या मशीनमधले सगळे नंबर पुसले जाणार होते. धम्मशीला रोज सकाळी आल्यावर आधी माणिकरावांना विचारायची, “आलं का सर?” ते नकाराची मान हलवायचे.

परवानगी आली ती फेरी संपायला तीन दिवस उरले असताना. सोबत, वहीतल्या तारखा-वेळांवरून वरच्या मशीनमधून शोधलेले तोंडाच्या तक्रारीचे सहा नंबर होते. धम्मशीलाने पालमचा सगळ्यात आधी लावला. माणिकराव तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

महारुद्रने उचलला. धम्मशीलाने ओळख सांगितली आणि आई कशी आहे असं विचारलं.

“आई दवाखान्यात हाय. गालाला आतून जखम झाली, रगत यायला लागलं, तवा नेलं. कॅन्सर निघाला. गेल्या सोमवारी आप्रेशन झालं. जबडा काढलाय एका बाजूचा. नाकातून नळी हाय, तिच्यातून पातळ घालायलाव.” तो थांबला. “दाक्तर मनले, दोन-अडीच म्हैने आधी आनायला पायजे होतं.”

 पलीकडे महारुद्र हिशेब करत असावा.

“तुमचा फोन आला तवा नुकती संक्रांत झाली व्हती,” तो म्हणाला. “मॅडम, तुमाला तवाच समजलं व्हतं का?”

माणिकरावांनी हात पुढे केला. मला उचलून घ्यावं आणि आपण बोलावं, असं त्यांच्या मनात आलं असावं. धम्मशीलाने मला सोडलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “नक्की काय ते नव्हतं समजलं. पण दाखवायला पाहिजे, हे समजलं होतं.”

“मंग सांगितलं कामून न्हाई?”

“विचारायचं, सांगायचं नाही, असा नियम होता. तो मी पाळला भाऊ. त्याच दिवशी परत फोन लावता आला असता. लावला नाही.”

मी आजवर भांडणं वाहून नेली आहेत, शिव्या नेल्या आहेत.  मला वाटलं महारुद्र ओरडेल. तो ओरडला नाही.

“तुमाला काय बोलू,” तो म्हणाला. “फोन तर म्याच वढून घेतला. तुरीला मशीन आलं मनून. घरात माझ्या समोर कुस्करून खायची ती. मी एकदा बी विचारलं न्हाई, कामून कुस्करून खातीस मनून.” त्याने नाक ओढलं. “माझी घरची बी लावती मिसरी. आईनंच शिकवली. माझं ऐकत न्हाई. तिला सांगा तुमी.”

फोन त्याच्या बायकोकडे गेला. तिचं नाव प्रियांका, वय चोवीस. धम्मशीला तिला सावकाश सांगू लागली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. खाल्ली नाही तरी हिरडीतून अंगात जाते. दात घट्ट होत नाहीत, नुसते बधिर होतात. उजेडात आरसा घेऊन तोंड आतून बघायचं. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दाखवायचं.

 शेवटी हळूच प्रियांकाने विचारलं, “ताई, पांढरं आदीपासूनच असंल तर?”

“कुठं?”

“खालच्या ओठाच्या आतून. मिसरी ठिवते तितं. म्हैना झाला असंल. आत्याबाईंच्या गडबडीत कुनाला बोलले न्हाई.”

धम्मशीलाने तिला सरकारी दवाखान्याचा तपासणीचा वार सांगितला, पालमहून सकाळची एसटी कधी निघते हे तिच्याकडूनच वदवून घेतलं आणि उद्याच निघायला लावलं. फोन ठेवल्यावर ती खोलीबाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे धुतलेले होते. मग उरलेले पाच नंबर तिने एकामागून एक लावले. दोन बंद होते. तिसऱ्याने कर्ज नको म्हणून कापला. चौथीने आणि पाचवीने ऐकून घेतलं.

माझ्यावरून बाहेर फोन जातात, माझ्यावर सहसा कुणाचा येत नाही. म्हणून एप्रिलमध्ये एका दुपारी माझी घंटा वाजली तेव्हा सगळ्या जणी माझ्याकडे बघू लागल्या. प्रियांका होती, मोबाइलवर उमटलेल्या आमच्या नंबरावरून तिने फोन लावला होता. तिच्या ओठातला तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर नव्हता. पण मिश्री सुटली नाही तर होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं.

“सुटली का?” धम्मशीलाने विचारलं.

“लय अवघड जायलंय ताई. सकाळी डोकं धरतंय. पर घरात डबीच ठिवली न्हाई.”

“आणि सासूबाई?”

“घरी आनलंय. आता शब्द फुटत न्हाई त्यांच्या तोंडातून. लेकरू जवळ गेलं की पदरानं तोंड झाकून घेतेत. म्या एकदा दात घासताना दिसले, तर हातातलं ताट आपटलं त्यांनी. मिसरी न्हाई, पेस्टच हाय, असं ब्रश दाखवून सांगावं लागलं.”

एवढं बोलून तिने फोन ठेवला. पार्वतीबाईंचा आवाज मी त्या एकाच सकाळी ऐकला होता. तो आता कुणालाच ऐकू येणार नाही. त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, आणि तेही न विचारता.

पुढच्या फेरीत प्रश्न बदलला. ‘तंबाखू, गुटखा, मिश्री, तपकीर, यांपैकी काही खाता, लावता किंवा ओढता का?’ जुना प्रश्नही शेजारी ठेवला, म्हणजे मागच्या वर्षांशी ताडता येईल. पालमच्या बायकांचा आकडा तिनावरून एकदम सदतीसवर गेला. एका सभेत कुणीतरी विचारलं, वर्षभरात एवढ्या बायका बिघडल्या कशा? माणिकरावांनी परत आल्यावर हे धम्मशीलाला सांगितलं. ते म्हणाले, “मी सांगितलं त्यांना, बायका होत्या तशाच आहेत. आपण नीट विचारायला आत्ता शिकलो.” तोंड तपासणारी गाडी त्या पावसाळ्यात पालमला गेली. अजून एक नियम वाढला. फॉर्म संपल्यावर, नंबर जायच्या आधी, ज्याने त्रास सांगितला त्याला कुठे दाखवायचं ते सांगायचं.

आता या खोलीत कानावर घालायची नवी यंत्रं आली आहेत. संगणकच नंबर लावतो. आम्हा आठ फोनांना कपाटावर ठेवलं आहे. धम्मशीला अजून इथेच काम करते, आणि संध्याकाळी राहिलेला अभ्यासक्रम पुन्हा शिकते. कधीकधी ती माझ्यावरची धूळ पुसते. मला अडगळीची सवय आहे, माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी असा पाहणीचा फोन आला, तर आधी कोण बोलतंय ते विचारून घ्या. बँकेचा खाते नंबर, ओटीपी किंवा पैसे कुणी मागितले, तर तो फोन ठेवून द्या. मात्र पाहणी खरी असेल आणि निघालेलं नाव तुमच्या आईचं असेल, आजीचं असेल, तर फोन तिच्या हातात द्या. तिच्यावतीने तुम्ही उत्तर देऊ नका. तिला जरा वेळ लागला तर मधेच काढून घेऊ नका.

आणि फोन यायची वाटही बघू नका. आज जेवायला बसाल तेव्हा ताटांकडे बघा. कुणी भाकरी कुस्करून खात असेल, कुणी तिखट बाजूला सारत असेल, तर विचारा की का. ती आधी ‘काही नाही’ म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. थोडं थांबा, ती पुढे बोलेल.